चुलवाणापासून एम.टेक.पर्यंत

दसरा-दिवाळीनंतर पेठ वडगावच्या पंचक्रोशीत गुऱ्हाळघरांच्या धुराड्यांतून धूर निघू लागतो. चरकातून आलेला रस काहिलीत उकळतो आणि त्याच उसाचे वाळलेले चिपाड खाली चुलवाणात जळते. या भागातील विद्यार्थ्यांनी हे दृश्य कितीतरी वेळा पाहिलेले असते. अभियांत्रिकीची पदवी घेतल्यावर आणखी दोन वर्षे शिकून करायचे तरी काय, हा प्रश्न ते आणि त्यांचे पालक नेहमी विचारतात. त्याचे उत्तर अभ्यासक्रमांच्या यादीपेक्षा या चुलवाणातून अधिक चांगले मिळेल. म्हणून प्रथम थोडा हिशेब करू.

समजा, आपल्याला १ किलो गूळ करायचा आहे. त्यासाठी ढोबळमानाने १० किलो ऊस लागतो. त्यातून ६ किलोच्या आसपास रस निघतो आणि त्यातील ५ किलो पाण्याची वाफ करावी लागते. १ किलो पाण्याची वाफ करण्यास सुमारे २२६० किलोजूल उष्णता लागते, हे तुम्ही अप्रकट उष्णतेच्या धड्यात शिकला आहात. म्हणजे ५ किलोंसाठी ११,३०० किलोजूल. शिवाय ६ किलो रस २५ अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापवावा लागतो. रसाची विशिष्ट उष्णता दर किलोस दर अंशास ४ किलोजूल धरली, तर ही उष्णता १८०० किलोजूल होते. एकूण १३,१०० किलोजूल. वाळलेले चिपाड किलोमागे साधारण १६,००० किलोजूल उष्णता देते. तेव्हा १ किलो चिपाडातही काम भागावे!

प्रत्यक्षात तसे होत नाही. विशाल सरदेशपांडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी चार काहिलींच्या एका पारंपरिक चुलवाणाची तपासणी केली आणि २०१० साली ती ‘एनर्जी’ या संशोधनपत्रिकेत प्रसिद्ध केली. तेथे १ किलो गुळासाठी २.३९ किलो चिपाड जळत होते. चिपाडातून मिळालेल्या उष्णतेपैकी गूळ करण्यास तात्त्विकदृष्ट्या लागणारी उष्णता अवघी २९ टक्के होती. उरलेली मुख्यतः धुराड्यातून जाणाऱ्या गरम वायूंबरोबर आणि चुलवाणाच्या भिंतींतून निघून जात होती.

त्यांनी शोधलेला उपाय समजण्यास सोपा आहे. चुलवाणात येणारी हवा धुराड्याच्या ओढीवर अवलंबून असते. चिपाड एकदम जास्त सारले, की तेवढ्या हवेत ते पुरते जळत नाही व काळा धूर निघतो. फार कमी सारले, तर जादा हवा आत येते आणि उष्णता घेऊन बाहेर पडते. धुरात ऑक्सिजन किती उरला आहे हे मोजले, तर या दोन टोकांपैकी आपण कोठे आहोत ते कळते. त्या मापाप्रमाणे चिपाड सारण्याचा वेग ठरवल्यावर खप २.३९ वरून १.७३ किलोवर आला. चुलवाण पाडून नवे बांधावे लागले नाही. वाचलेले चिपाड विकता येते, म्हणजे गुऱ्हाळमालकाच्या पदरात चार पैसे जास्त पडतात.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. वरचा पहिला हिशेब नववी-दहावीचा विद्यार्थी करू शकतो. पदवीधर अभियंता नियम वापरून चुलवाणाचा आराखडा करील. पण उष्णता नेमकी कोठे जाते हे जागेवर मोजायचे, मापातील चूक किती हे ठरवायचे आणि उपाय करून पुन्हा मोजायचे, हे पदव्युत्तर शिक्षणाचे काम. एम.टेक.चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, चार सत्रांचा असतो. पहिल्या वर्षी वरच्या पातळीचे विषय व प्रयोगशाळा, आणि दुसरे वर्ष बहुतांशी एका प्रबंधाला दिलेले. काही विद्यापीठांत या पदवीस एम.ई. म्हणतात. नावावरून फरक करीत बसू नये.

शाखा कोणती निवडावी? चुलवाणाकडेच पाहा. उष्णतेचा प्रवाह हा यंत्र अभियांत्रिकीतील औष्णिक शाखेचा विषय. ऑक्सिजन मोजणारे स्वस्त उपकरण करायचे, तर इलेक्ट्रॉनिक्स किंवा उपकरणशास्त्र. गुळाचा रंग व टिकाऊपणा हा अन्न तंत्रज्ञानाचा प्रांत. अशाच रीतीने इचलकरंजीचे माग वस्त्र अभियांत्रिकीकडे, शिरोलीच्या ओतशाळा धातुशास्त्राकडे आणि २०१९ व २०२१ चे पंचगंगेचे महापूर जलसंपदा अभियांत्रिकीकडे बोट दाखवतात. शाखेच्या बाजारभावाकडे पाहून निवड करणाऱ्यांना आम्ही एवढेच सांगू, की तो भाव चार वर्षांत बदलतो.

शिकण्याची ठिकाणेही पुष्कळ आहेत. केवळ तंत्रशिक्षणासाठी कायद्याने स्थापन झालेले राज्याचे विद्यापीठ म्हणजे रायगड जिल्ह्यातील लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ. ते १९८९ च्या कायद्याने अस्तित्वात आले. २०१४ च्या कायद्याने त्याला राज्यभरातील महाविद्यालये संलग्न करून घेण्याचा अधिकार मिळाला. पुण्याचे १८५४ साली सुरू झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय २०२२ साली स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठ झाले. जवळच सांगलीला १९४७ पासूनचे वालचंद महाविद्यालय आहे आणि इचलकरंजीला वस्त्रोद्योगाची संस्था. वडगावच्या अगदी शेजारी, वाठारलाही अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. मुंबईच्या आयआयटीमध्ये १९८५ साली सुरू झालेले ‘सितारा’ हे ग्रामीण तंत्रज्ञानाचे केंद्र आहे. तेथे ‘तंत्रज्ञान व विकास’ या विषयात एम.टेक. करता येते आणि विद्यार्थ्यांना काही आठवडे गावात राहून काम करावे लागते. खेड्यातून आलेल्या मुलामुलींनी या केंद्राची माहिती अवश्य मिळवावी.

प्रवेशासाठी ‘गेट’ ही देशव्यापी परीक्षा महत्त्वाची. तीन तास, ६५ प्रश्न, १०० गुण. गुणांकन तीन वर्षे चालते. गेट उत्तीर्ण होऊन मान्यताप्राप्त संस्थेत पूर्णवेळ शिकणाऱ्यास विद्यावेतन मिळू शकते. अलीकडच्या वर्षांत ते दरमहा १२,४०० रुपये आहे. गेट न देताही काही ठिकाणी प्रवेश मिळतो, पण हे विद्यावेतन मिळत नाही. ज्या घरात मुलाच्या पहिल्या पगाराची वाट पाहिली जाते, तेथे हा फरक लहान नाही. पालकांनी तो आधीच समजून घ्यावा. नोकरी मिळेपर्यंत वेळ काढायचा म्हणून घेतलेले एम.टेक. मात्र महागात पडते. प्रबंधाला प्रश्न नसतो, मग कोणाचा तरी जुना प्रबंध समोर ठेवून पाने भरली जातात.

प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेत जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात. पदवीवर कोणत्या विद्यापीठाचे नाव येणार? मागील दोन वर्षांचे प्रबंध ग्रंथालयात पाहावयास मिळतील काय? आपल्या विषयाचे मार्गदर्शक सध्या स्वतः कोणत्या प्रयोगावर काम करीत आहेत? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना जे प्राध्यापक उठून तुम्हांला प्रयोगशाळेत घेऊन जातील, ते आपले मार्गदर्शक समजा.

शिक्षकांसाठी एक सूचना. हंगामात मालकाची परवानगी घेऊन वर्ग गुऱ्हाळावर न्यावा. चुलवाणापासून व काहिलीपासून मुलांना दूर उभे करावे. एका काहिलीसाठी किती रस घेतला, किती भारे चिपाड लागले व गूळ किती निघाला याची नोंद करावी. एक भारा तोलून पाहिला, की किलो गुळामागे किती चिपाड जळले ते काढता येईल. तो आकडा २.३९ व १.७३ यांच्या शेजारी फळ्यावर लिहावा. पुढच्या गुऱ्हाळावरचा आकडा वेगळा येईल. तो का वेगळा आला, याची कारणे मुलांनाच शोधू द्यावीत.