शिकवण्याआधी मुलाजवळ बसणं

 

आपल्या लिंबायतच्या गटांतल्या काही घरच्या मुली सध्या बी.एड. करताहेत. या आठवड्याचा अभ्यास त्यांच्यासाठी, पण वाचायचा सगळ्यांनी.

परवा सत्संगानंतर एक ताई रडवेली झाली. तिच्या सरावपाठात चौथीचा एक मुलगा बाकावर झोपला. तिने रागाने त्याला उभं केलं, सगळा वर्ग हसला. नंतर कळलं, वडील रात्रपाळीला लूमवर, आणि पोरगं आईसोबत उशिरापर्यंत साडीला टिकल्या चिकटवतं. ताई म्हणाली, "माझं टाचण पक्कं होतं हो, पण राग आला तर काय करायचं, ते टाचणात कुठे असतं?"

हा प्रश्न आपल्या मराठी माणसांनी गुजरातेत फार पूर्वी हाताळलाय. ताराबाई मोडक 1923 साली भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या. तिथल्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात मुलाला मार नाही, भीती नाही, बक्षिसाचं आमिषसुद्धा नाही. शिक्षक घडवायला तिथे अध्यापन मंदिरही होतं. म्हणजे मुलाला न रागावता त्याच्याकडे बघायचं, हे शिक्षकाने आधी शिकायचं.

पुढे 1945 मध्ये ताराबाईंनी बोर्डीत काम सुरू केलं. आपल्याकडून मुंबईला जाताना घोलवड स्टेशन लागतं ना, त्याच्या जवळच. सोबत अनुताई वाघ. गरिबांची मुलं शाळेत येईनात, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. आधी मुलांचे हातपाय धुवायचे, केस विंचरायचे, मग गाणी-गोष्टी. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मूल का येत नाही, हे त्याच्या घरी गेल्याशिवाय कळलं नसतं.

आम्हाला वाटतं, हे नुसत्या व्याख्यानाने येत नाही. क्रोधावरची प्रवचनं आपण किती ऐकली, तरी घरी पोरांवर ओरडतोच!

तर घरचा अभ्यास असा: बी.एड.वाल्या मुलीने रोज जेवताना एक प्रसंग सांगायचा. वर्गात राग कधी आला, तेव्हा अंगात काय झालं, त्या मुलाचं घर आपल्याला किती माहीत आहे. बाकीच्यांनी फक्त ऐकायचं. सल्ला द्यायचा नाही. (हे आम्हा मोठ्यांनाच जड जाणार.)

ती ताई दुसऱ्या दिवशी त्या मुलाशेजारी बाकावर जाऊन बसली. तो काही बोलला नाही, नुसती गोंद लागलेली बोटं दाखवली. रविवारी ती पुढचं सांगणार आहे, सहकुटुंब या.