अर्ज व मुलाखत

छत्रपती संभाजीनगर येथें शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० सालीं निघालें व १९८५ सालीं वाळूज येथें बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. येथील पदवीधर मुलेंमुली अर्ज घेऊन अशा कारखान्यांच्या दारीं जातात. त्यांस आम्ही दोन शब्द सांगूं इच्छितों.

अर्जांत आपण काय शिकलों व स्वतःच्या हातांनीं काय केलें, एवढेंच लिहावें. जें येत नाहीं तें लिहूं नये; मुलाखतींत नेमका त्यावरच प्रश्न येतो. न आल्यास ‘ठाऊक नाहीं’ असें प्रांजळपणें म्हणावें. यंत्रापुढें चुकीचा अंदाज एखाद्याच्या हातावर बेततो, हें विचारणारे जाणतात.

जाहिरात वाचून खचूंही नये. १९७४ सालीं टेल्कोच्या जाहिरातींत स्त्रियांनीं अर्ज करूं नये असें छापलें होतें. सुधा कुलकर्णी (पुढें मूर्ती) यांनीं जे. आर. डी. टाटांस पोस्टकार्ड धाडून त्याविषयीं तक्रार केली. पुण्यास मुलाखतीचें बोलावणें आलें. तेथें तांत्रिक प्रश्नांचीं उत्तरें देऊन त्या टेल्कोच्या पहिल्या स्त्री-अभियंता झाल्या. पोस्टकार्डानें दार उघडलें. आंत नेलें तें अभ्यासानें.

विद्यार्थ्यांनो, आजचा धडा नीट समजून घेणें हीच त्या दिवसाची तयारी होय. आणि पालकहो, ती मुलींकडूनही करवून घ्यावी, अशी आमची विनंति आहे.