विभक्तता की घटस्फोट?

संसारात तेढ निर्माण झाली म्हणजे खेड्यापाड्यांतून पहिला सल्ला विचारला जातो तो सरपंचांना किंवा शाळेतील गुरुजींना. मुद्रांकाच्या कागदावर पंचांच्या सह्या घेऊन ‘सोडचिठ्ठी’ लिहून देण्याचे प्रकारही घडतात. परंतु हिंदू, बौद्ध, जैन व शीख यांना लागू असलेल्या हिंदू विवाह अधिनियम, १९५५ अन्वये अशा कागदाने विवाह संपुष्टात येत नाही. जातीतील रूढीला कायद्याने वाव ठेवला असला, तरी ती रूढी न्यायालयात सिद्ध करावी लागते.

या अधिनियमाने दोन मार्ग दिले आहेत. कलम १० अन्वये न्यायालयीन विभक्तता मिळते, तर कलम १३ अन्वये घटस्फोट. क्रूर वागणूक, दोन वर्षांचा परित्याग, व्यभिचार इत्यादी कारणे १९७६ च्या दुरुस्तीपासून दोहोंना सारखीच आहेत. फरक आहे तो परिणामांचा.

विभक्ततेने एकत्र राहण्याचे बंधन सुटते, विवाह मात्र कायम राहतो. त्यामुळे पुनर्विवाह करता येत नाही. पतीचा मृत्युपत्र न करता मृत्यू झाल्यास पत्नीचा वारसाहक्कही अबाधित असतो. घटस्फोटाने पुनर्विवाहाची वाट खुली होते, पण हा वारसाहक्क संपतो. मुलांचा वारसाहक्क दोन्ही प्रसंगी टिकून राहतो. पोटगी व मुलांचा ताबा यांबाबत न्यायालय दोन्ही प्रकरणी आदेश देऊ शकते.

विवाहास एक वर्ष होण्यापूर्वी घटस्फोटाचा अर्ज सामान्यतः करता येत नाही. विभक्ततेसाठी ही अट नाही. समेटाची आशा असेल, तर विभक्ततेमुळे विचाराला अवधी मिळतो.

तथापि, विभक्तता हे कायमचे संरक्षण आहे अशी समजूत कोणी करून घेऊ नये. हुकूमनाम्यानंतर एक वर्षपर्यंत सहजीवन पुन्हा सुरू झाले नाही, तर उभयतांपैकी कोणीही घटस्फोट मागू शकतो. ज्याच्याविरुद्ध हुकूमनामा झाला, त्यालाही ही मुभा आहे. मात्र स्वतःच्या गैरवर्तनाचा लाभ कोणास घेता येत नाही. पोटगीचा आदेश न पाळणाऱ्या व विवाहबाह्य संबंध चालू ठेवणाऱ्या एका पतीस सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये याच कारणास्तव घटस्फोट नाकारला.

उभयतांची संमती असल्यास आणि ती एक वर्ष वेगळी राहत असल्यास कलम १३-ब अन्वये परस्परसंमतीने घटस्फोट मिळू शकतो. यातील सहा महिन्यांची प्रतीक्षा योग्य प्रकरणी न्यायालय माफ करू शकते, असे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ अन्वये प्रत्येक स्त्रीस, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. म्हणून गावातील जाणत्यांनी कागदावर अंगठा घेण्याची घाई न करता त्या स्त्रीस प्रथम या समितीची वाट दाखवावी. निवड तिची तिने करावी. परंतु आपण काय राखतो व काय सोडतो, हे जाणून करावी.