ताटाला मार्क कोण देतं?

प्रश्न : 'भारतीयांचं जेवण आहाराच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे नसतं' असं वर्तमानपत्रांत सारखं वाचते. आमच्याकडे तर कुणी कधी विचारायला आलेलं नाही. मग हे मोजतात कसं? आणि घरच्या घरी मोजता येईल का?
– एक वाचक, बदलापूर (पूर्व)

उत्तर : मोजायचं तर आधी माप हवं. ते हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं दिलेलं आहे. मे 2024 मध्ये तिनं सुधारित 17 सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांतलं दिवसाचं ताट 2000 कॅलरींचं आहे : धान्य 250 ग्रॅम, डाळी-कडधान्यं (किंवा काही प्रमाणात अंडी, मासे, मटण) 85, भाज्या 400, फळं 100, शेंगदाणे-तीळ वगैरे 35, तेल-तूप 27 ग्रॅम आणि दूध-दही 300 मिलिलिटर. वजनं कच्च्या जिन्नसांची. बटाटा भाज्यांत धरायचा नाही.

मार्क देण्याची पद्धत अमेरिकेत 1995 पासून रुळली. तिथल्या निर्देशांकात शंभर मार्क वेगवेगळ्या गटांत वाटलेले असतात. फळं पुरेशी खाल्ली तर त्या गटाचे पूर्ण मार्क, निम्मी खाल्ली तर निम्मे. मीठ, साखरेचं उलट, जितकं जास्त तितके मार्क कमी. पुढे हा हिशेब दर 1000 कॅलरींमागे करू लागले. नाहीतर जो मुळात जास्त जेवतो तोच पहिला आला असता.

खरं अवघड काम त्याआधीचं आहे : कुणी काय खाल्लं हे कळणार कसं? आपल्याकडे 1972 पासून नॅशनल न्यूट्रिशन मॉनिटरिंग ब्युरोचे कार्यकर्ते महाराष्ट्रासह अनेक राज्यांत घरोघरी जाऊन हे विचारत. सोबत ठरावीक मापाच्या वाट्यांचा संच असे. काल काय शिजवलं, कच्चं किती घेतलं, शिजल्यावर किती झालं आणि प्रत्येकानं त्यातलं किती घेतलं, असे प्रश्न असत. समजा 120 ग्रॅम तूरडाळीचं सहा वाट्या वरण झालं आणि सुनेच्या वाट्याला एक वाटी आलं, तर तिच्या नावावर 20 ग्रॅम डाळ. मला ही पद्धत फार मोलाची वाटते, कारण तीत सून आणि सासरा वेगळे मोजले जातात. हे काम 2015 मध्ये थांबलं, याचं वाईट वाटतं.

आज ज्या आकड्यांवरून बातम्या होतात ते पुष्कळदा घरखर्चाच्या पाहणीतले असतात. 2022-23 च्या पाहणीत शहरी कुटुंबाच्या शंभर रुपयांतले सुमारे 39 खाण्यावर गेले. त्यांतले दहाहून अधिक पेयं आणि तयार पदार्थांवर, तर धान्यावर चारांहून कमी. आकडे उपयोगी आहेत, पण ते घराचे आहेत. डाळ घरात आली हे त्यावरून कळतं, ती कुणाच्या ताटात पडली हे कळत नाही. पहाटेच्या लोकलसाठी चारला उठून तीन डबे भरणारी बाई स्वतः उभ्याउभ्या चहा-बिस्किटावर निघते. घराच्या सरासरीत तिची उपासमार दिसत नाही.

एका दिवसाच्या जबानीवरही भिस्त ठेवता येत नाही. तो दिवस एकादशीचा निघाला तर धान्य शून्य आणि साबुदाणाच साबुदाणा. म्हणून एकाच माणसाला निरनिराळ्या दिवशी, शक्य तर निरनिराळ्या ऋतूंत विचारावं लागतं. पावसाळ्यात बदलापूर-अंबरनाथच्या बाजारात आदिवासी बायका शेवळं, टाकळा, कुरडू, करटोली घेऊन बसतात. मार्चमध्ये विचारणाऱ्याच्या कागदावर त्यांतलं काहीच येत नाही. प्रश्नावलीत नुसतं 'पालेभाजी' लिहिलं, तर बोलणारी बाई पालक-मेथी सांगून मोकळी होते. नावं घेऊन विचारलं पाहिजे.

उल्हासनगरच्या सिंधी घरात वेगळी कसोटी लागते. साई भाजीत पालक, चणाडाळ आणि इतर भाज्या एकाच भांड्यात शिजतात, तेव्हा ती फोडून दोन गटांत मांडावी लागते. दाल-पकवानमधली डाळ एका गटात, पकवानाचा मैदा दुसऱ्यात, तळणीचं तेल तिसऱ्यात. नुसतं 'चांगलं' किंवा 'वाईट' म्हणून पदार्थाचा निकाल लावणाऱ्याला मोजणं जमलेलं नाही.

कमी मार्क मिळाले की लोकांना कळत नाही, असं म्हणण्याची घाई होते. ती मला पटत नाही. प्राधान्य गटातल्या रेशनकार्डावर माणशी महिना 5 किलो धान्य फुकट मिळतं. दिवसाला साधारण 167 ग्रॅम, म्हणजे ताटातल्या धान्याचे दोन तृतीयांश. डाळ, भाज्या, फळं, दूध मात्र जवळजवळ सगळं बाजारभावानं. मग ताट भाताकडे कलतं ते अज्ञानामुळे नव्हे.

घरी मोजायचं तर किराण्याच्या यादीपासून सुरुवात करा. चार मोठ्या माणसांना 27 ग्रॅमच्या हिशेबानं महिन्याला तेल-तूप मिळून साडेतीन लिटरच्या आसपास होतं, आणि वडे, भजी, फरसाण बाहेरून येत असेल तर घरचं त्याहून कमी हवं. डाळी-कडधान्यं चौघांना दहा किलोंच्या पुढे जातात. अंडी, मासे, मटण होत असेल तर तेवढी डाळ कमी धरा. तेल जास्त आणि डाळ कमी, असं बहुतेक घरांत निघेल.

त्यानंतर एक आठवडा वही ठेवा, प्रत्येकाचं पान वेगळं. स्टेशनवरचा वडापाव, ऑफिसातला चहा, मुलांचे कुरकुरे त्याच दिवशी लिहा; रविवारी आठवून लिहिलं तर हेच आधी गळतात. डाळ आणि तांदूळ शिजवण्याआधी एकदा काट्यावर तोला, म्हणजे तुमच्या वाटीत नेमकं काय मावतं ते कळेल. आणि तुमचं स्वतःचं पान सगळ्यांत शेवटी नव्हे, पहिलं भरा. घरात कुणाला मधुमेह किंवा किडनीचा विकार असेल, कुणी गरोदर असेल, किंवा लहान मूल असेल, तर त्यांना हे 2000 कॅलरींचं ताट लावू नका. त्यांची मापं डॉक्टरांकडून वेगळी घ्यावी लागतात.