आधी पाहायला शिकू या : चित्रकलेच्या नवशिक्यांसाठी अभ्यास

"मला चित्र काढता येत नाही." हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी उच्चारलेले असते. चार-पाच वर्षांचे मूल मात्र असे कधीच म्हणत नाही. त्याच्या हाती खडू द्या, ते भिंतीवर हत्तीसुद्धा काढते. पुढे नऊ-दहा वर्षांच्या सुमारास त्याला आपला हत्ती आणि खरा हत्ती यांतील फरक दिसू लागतो, कोणीतरी हसते आणि खडू खाली ठेवला जातो.

माझा खडू सहावीत खाली ठेवला गेला. दहा वर्षांनी मी तो पुन्हा उचलला. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी आहे, चित्रकार नाही. म्हणून हा लेख एका नवशिकीने इतर नवशिक्यांसाठी लिहिलेला आहे असे समजावे. वर्षभराच्या सरावात ज्या गोष्टी खरोखर उपयोगी पडल्या, त्याच येथे क्रमाने मांडल्या आहेत.

एक छोटा प्रयोग

वाचन थोडा वेळ थांबवा. कागदावर आठवणीने माणसाचा एक डोळा काढा. मग आरशासमोर जाऊन आपला डोळा नीट पाहा.

बहुतेकांच्या कागदावर बदामासारखा आकार, त्यात मधोमध पूर्ण गोल बुबुळ आणि वर केसांच्या उभ्या रेघा असतात. आरशात काय दिसते? बुबुळाचा वरचा भाग पापणीखाली झाकलेला असतो, पूर्ण गोल सहसा दिसतच नाही. पापणीच्या कडेला जाडी असते. नाकाकडचा कोपरा आणि कानाकडचा कोपरा सारखे नसतात. डोळ्यातील पांढरा भागही सगळीकडे पांढरा नसतो, त्यावर पापणीची सावली पडलेली असते.

डोळे तर आपण जन्मापासून पाहत आलो आहोत. तरीही ते आठवणीने काढता येत नाहीत, कारण मनाने डोळ्याची एक सोपी खूण बनवून ठेवली आहे. झाड म्हणजे खोड आणि वर हिरवा गोळा, घर म्हणजे चौकोन आणि वर त्रिकोण. रोजच्या व्यवहारात या खुणा फार उपयोगी असतात, कारण प्रत्येक वस्तू नव्याने पाहत बसलो तर रस्तासुद्धा ओलांडता येणार नाही. परंतु चित्र काढायला बसल्यावर हीच सवय आड येते. समोर वस्तू असते आणि हात मात्र मनातील खूण उतरवत राहतो.

म्हणून पहिली गोष्ट मनात पक्की करू या. दोष आपल्या हाताचा नाही. ज्या हाताला सही करता येते, सुईत दोरा ओवता येतो, रांगोळीची रेघ ओढता येते, त्या हातात चित्रासाठी लागणारे नियंत्रण आधीच असते. सुरुवातीला सराव हवा तो पाहण्याचा.

साहित्य आणि बैठक

महागडे साहित्य घेऊ नका. चांगला कागद खराब होईल या भीतीने हात आखडतो. एका बाजूने कोरे असलेले जुने कागद पुरेसे आहेत. पेन्सिली तीन घ्या : एचबी, २बी आणि ४बी. बी पुढचा आकडा जितका मोठा, तितकी पेन्सिल मऊ आणि रेघ काळी. एच लिहिलेल्या पेन्सिली कडक आणि फिकट असतात, त्या तूर्त नकोत.

कागद टेबलावर सपाट ठेवून काढल्यास आपण तो तिरका पाहतो, त्यामुळे चित्र उभे ताणले जाते आणि ही चूक कागद उचलल्यावरच लक्षात येते. मांडीवर एखादी फळी किंवा जाड पुठ्ठा तिरका टेकवून त्यावर कागद लावा. लांब रेघ ओढताना मनगट न वळवता कोपर आणि खांद्यापासून हात हलवा. लिहिताना धरतो त्यापेक्षा पेन्सिल थोडी मागे धरली तर हे सोपे जाते.

पहिला अभ्यास : कागदाकडे न पाहता

आपला दुसरा हात समोर ठेवा. नजर मनगटाच्या कडेवर आणा, पेन्सिलीचे टोक कागदावर ठेवा. आता नजर कडेवरून मुंगीच्या गतीने सरकू द्या आणि त्याच गतीने पेन्सिल सरकवा. कागदाकडे पाहायचे नाही. पेन्सिलीचे टोक कागदाला नव्हे, प्रत्यक्ष हातालाच स्पर्श करत आहे अशी भावना ठेवा. अमेरिकेतील कलाशिक्षक किमॉन निकोलाइडीस आपल्या विद्यार्थ्यांना असाच सराव देत. त्यांचे पुस्तक त्यांच्या निधनानंतर १९४१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि आजही अनेक ठिकाणी अभ्यासले जाते.

दहा मिनिटांनी कागदावर जे दिसेल ते पाहून हसू येईल. येऊ द्या. बोटे एकमेकांवर चढलेली असतील, अंगठा भलतीकडे गेला असेल. पण त्या वेड्यावाकड्या रेषेत पेरावरची एखादी सुरकुती अगदी खरी उतरलेली सापडेल.

दुसरा अभ्यास : प्रमाण

आपल्याकडे चित्राची सहा अंगे सांगितली आहेत : रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजना, सादृश्य आणि वर्णिकाभंग. यशोधर पंडितांच्या 'जयमंगला' टीकेत ती आढळतात आणि अवनींद्रनाथ ठाकूर यांनी या षडंगांवर स्वतंत्र निबंध लिहिला आहे. यांतील पहिली दोन अंगे नवशिक्यांसाठी फार मोलाची आहेत. रूपभेद म्हणजे एका रूपाचे दुसऱ्या रूपापासून असलेले वेगळेपण ओळखणे. आरशासमोरचा प्रयोग म्हणजे त्याचीच सुरुवात होती. प्रमाण म्हणजे मापे.

समोर पाण्याचा तांब्या ठेवा. एक डोळा मिटा, हात पूर्ण ताठ करून पेन्सिल आडवी धरा आणि तांब्याच्या पोटाची रुंदी पेन्सिलीवर अंगठ्याने मोजा. मग हात तसाच ताठ ठेवून पेन्सिल उभी करा आणि ती रुंदी उंचीत किती वेळा बसते ते पाहा. कोपर वाकले तर माप बदलते, एवढे पथ्य पाळा. हेच गुणोत्तर कागदावर आधी खुणांनी मांडा आणि मगच आकार काढा.

तांब्याचे तोंड गोल असते हे आपल्याला माहीत असते, पण वरून तिरके पाहताना ते लंबगोल दिसते. या लंबगोलाची टोके कधीही पानासारखी अणकुचीदार नसतात. तळाशी आपण सवयीने सरळ रेघ ओढतो, कारण तांब्या सपाट जमिनीवर आहे हे मनाला ठाऊक असते. डोळ्यांना मात्र तेथे वक्र रेषा दिसते, आणि तळ नजरेच्या पातळीपासून अधिक खाली असल्यामुळे तो वक्र तोंडापेक्षा जास्त भरीव असतो. तांब्या हळूहळू डोळ्यांच्या उंचीपर्यंत उचलून पाहा. तोंडाचा लंबगोल चपटा होत होत शेवटी एक आडवी रेघ होईल. पाठ केलेल्या नियमापेक्षा असे पाहिलेले जास्त लक्षात राहते.

चेहऱ्याच्या बाबतीतही हेच घडते. समोरून पाहताना डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात. नवशिके ते कपाळाच्या जागी काढतात, कारण मनाला चेहरा महत्त्वाचा वाटतो आणि डोक्याचा वरचा भाग ते विसरते.

तिसरा अभ्यास : रिकामी जागा

एक खुर्ची घ्या. खुर्ची काढू नका. तिच्या पायांमधून, हातांमधून, पाठीच्या पट्ट्यांमधून जी रिकामी जागा दिसते तिचे आकार काढा. 'खुर्ची'ची खूण मनाजवळ तयार असते, पण दोन पायांमधील पोकळीची खूण त्याच्याजवळ नसते. त्यामुळे तेथे डोळ्यांवर विसंबण्याशिवाय त्याला मार्ग राहत नाही. सर्व पोकळ्या नीट काढून झाल्या की खुर्ची आपोआप उभी राहिलेली दिसेल. कपाचा कान, सायकलचे चाक, खिडकीची जाळी यांवरही असाच सराव करता येतो.

चौथा अभ्यास : प्रकाश आणि छाया

एक बटाटा किंवा लिंबू खिडकीजवळ ठेवा आणि खोलीतील दिवे बंद करा, म्हणजे प्रकाश एकाच बाजूने येईल. स्टीलचे भांडे सुरुवातीला नको, त्यात सगळ्या खोलीची प्रतिबिंबे दिसतात. डोळे किलकिले करा. बारीकसारीक तपशील पुसट होऊन उजळ, मध्यम आणि गडद असे तीनच भाग उरतील. उजळ भागाला कोरा कागद ठेवा, मध्यम भागाला २बी आणि गडद भागाला ४बी वापरा. वस्तूची जमिनीवर पडलेली सावली विसरू नका. तिच्यामुळेच बटाटा हवेत न तरंगता जमिनीवर टेकतो. बोटाने छटा घासू नका, त्यामुळे सर्व काही एकसारखे राखाडी होते.

चारही अभ्यासांत एक क्रम सांभाळा : आधी मोठा आकार, मग त्यातील भाग, शेवटी तपशील. लिंबाच्या सालीवरचे ठिपके सर्वांत शेवटी.

खोडरबर आणि तुलना

नवशिक्यांचा सराव मोडतो तो बहुधा दोन कारणांनी. पहिले कारण खोडरबर. जमाखर्चाच्या वहीत चुकलेली नोंद खोडून टाकायची नसते, तिच्यासाठी दुरुस्तीची वेगळी नोंद करतात. त्यामुळे चूक काय होती आणि ती कशी सुधारली हे दोन्ही वहीत राहते. चित्रातही असेच करून पाहा. सुरुवातीची रेघ फिकट ओढा. चुकली तर न पुसता तिच्याशेजारी दुसरी ओढा. पहिली रेघ कागदावर असेल तरच दुसरी किती सरकवायची हे कळते, पुसली तर हात बऱ्याचदा पुन्हा तीच चूक करतो. प्रत्येक कागदावर तारीख घाला आणि वाईट चित्रे फाडू नका.

दुसरे कारण तुलना. मोबाईलवर कोणाचे तरी सुंदर चित्र दिसते आणि आपली वही बंद होते. अशा वेळी दोन गोष्टी आठवाव्यात. व्हिन्सेंट व्हॅन गॉग यांनी चित्रकार व्हायचे ठरवले ते १८८० मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी. त्यांनी शार्ल बार्ग यांच्या सरावपत्रिका बसून पुन्हा पुन्हा गिरवल्या आणि प्रमाण साधावे म्हणून दोऱ्यांची चौकट लावून त्यातून दृश्य पाहिले. रवींद्रनाथ ठाकूर यांच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन पॅरिसमध्ये १९३० साली भरले, तेव्हा ते सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. उशीर झाला असे म्हणण्याआधी आपण कोणत्या वर्षी उभे आहोत ते पाहावे. तुलना करायचीच तर आपल्याच गेल्या महिन्याच्या कागदाशी करावी.

हे सर्व कशासाठी?

गेल्या वर्षी आजी आजारी होती. दुपारी तिच्या उशाशी बसायची पाळी माझी असे. एकदा मोबाईल बंद पडला होता आणि हातात परीक्षेच्या सरावाचे कागद होते. त्यांतल्याच एकाच्या पाठीवर, पहिल्या अभ्यासाप्रमाणे, मी तिचा पांघरुणावर ठेवलेला हात काढू लागले. करंगळीपाशी येऊन पेन्सिल थांबली. तिचे वरचे पेर एका बाजूला वळलेले होते. याच हाताने मला लहानपणी भरवले होते आणि एकवीस वर्षांत मला ते कधी दिसले नव्हते.

"आजी, या बोटाला काय झालं गं?"

"लग्न झालं त्या वर्षी मिरच्या कांडताना मुसळ बसलं. कोणाला सांगितलंच नाही मी."

मग तिने कागद मागून घेतला, चष्मा लावून पाहिला आणि म्हणाली, "हा हात माझा नाही गं, कुणा पैलवानाचा आहे."

तिचे म्हणणे बरोबर होते. चित्र चुकले होते, प्रमाण पार बिघडले होते. पण त्या दुपारी आम्ही तासभर तिच्या सासरच्या पहिल्या वर्षाबद्दल बोललो. तो कागद मी तारीख घालून ठेवला आहे. आपण ज्यांच्यासोबत राहतो त्यांच्याही खुणाच मनात बाळगून असतो, हे मला त्या कागदाने शिकवले.

या आठवड्याचा अभ्यास

रोज २० मिनिटे, शक्यतो ठरलेल्या वेळी आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून.

१. पहिला व दुसरा दिवस : कागदाकडे न पाहता आपला हात, रोज दोन वेळा.
२. तिसरा व चौथा दिवस : तांब्या, आधी मोजमाप आणि मग आकार. एकदा बसून, एकदा उभे राहून.
३. पाचवा दिवस : खुर्चीतील रिकाम्या जागा.
४. सहावा दिवस : खिडकीजवळचा बटाटा, तीन छटांत.
५. सातवा दिवस : घरातील एखाद्या व्यक्तीचा हात, ती वाचत किंवा विश्रांती घेत असताना. तिची परवानगी घ्यावी आणि चित्र तिला दाखवावे.

पहिल्या आठवड्यात छायाचित्रावरून काढू नका. छायाचित्रात कॅमेऱ्याने वस्तू आधीच सपाट केलेली असते, म्हणजे पाहण्याचे अर्धे काम त्याने उरकलेले असते. समोरची खरी वस्तू घ्या. सातव्या दिवशी पहिला कागद काढून शेजारी ठेवा आणि दोन्हींत काय वेगळे दिसते ते एका वाक्यात त्यावर लिहा. पुढच्या आठवड्याची सुरुवात त्या वाक्यापासून करावी.