बोटं अचानक लुळी पडली तर…

पक्षाघात म्हटलं की वाकडं तोंड आणि लुळी पडलेली एक बाजू डोळ्यांसमोर येते. पण मेंदूत पंजा हलवणारी जागा वेगळी असते. गुठळीने तेवढ्याच जागेचं रक्त अडवलं, तर नुसती बोटं किंवा मनगट लुळं पडतं. चेहरा, पाय, बोलणं ठणठणीत. मग ‘नस दबली असेल’ म्हणत तेल लावून मालीश सुरू होते आणि मोलाची वेळ जाते.

१. घड्याळ बघा. माणूस शेवटचा धडधाकट केव्हा होता, ती वेळ लिहा. झोपेतून उठल्यावर त्रास जाणवला, तर झोपण्यापूर्वीची वेळ धरा.

२. सुरुवात विचारा. मनगटात नस दबली तर मुंग्या हळूहळू वाढत जातात, रात्री जास्त येतात, हात झटकला की बरं वाटतं. पक्षाघात एकाएकी येतो, हात बहुधा दुखतही नाही.

३. हात तपासा. तळवे वर करून दोन्ही हात समोर धरायला सांगा, डोळे मिटायला लावा आणि दहा आकडे मोजा. एक हात खाली येतो का? तळवा आत वळतो का? मग शर्टाचं बटण लावायला सांगा. पुन्हा डोळे मिटायला लावून हातात किल्ली द्या; ती ओळखता येते का पाहा.

४. ही लक्षणंही अचानक आली तर पक्षाघाताची शंका घ्या:
• एकाच बाजूची बोटं आणि ओठाचा कोपरा बधिर होणं
• हाताला अवघडलेपण आणि जीभ जड
• एक हात आपोआप थरथरणं किंवा फेकला जाणं
• हात आपला न वाटणं, मनाविरुद्ध वस्तू पकडणं

५. यातलं एकही अचानक दिसलं, तर १०८ला फोन करा. ‘पक्षाघाताची शंका आहे’ असं स्पष्ट सांगा. चोवीस तास सीटी स्कॅन होणारं रुग्णालय गाठा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं.

६. तोवर खायला-प्यायला काही देऊ नका. अ‍ॅस्पिरिनही नको, मेंदूत रक्तस्राव असेल तर ती घातक ठरू शकते. साखर कमी झाली तरी अशीच लक्षणं दिसू शकतात. घरात ग्लुकोमीटर असेल तर आकडा नोंदवा.

७. वाटेत हात पूर्ववत झाला तरी माघारी फिरू नका. मोठ्या झटक्याचा धोका पुढच्या काही दिवसांतच सर्वाधिक असतो.