मीठ कुठल्या झाडाला लागतं?

नवऱ्याच्या नोकरीमुळे मी टांझानियातल्या म्वांझा शहरात अकरा वर्षं काढली. रात्रभराच्या बोटीने व्हिक्टोरिया सरोवर ओलांडलं की बुकोबा, म्हणजे कागेरा प्रांत. देशातले एड्सचे पहिले रुग्ण १९८३ साली इथेच सापडले. मोफत औषधं यायला २००४ उजाडलं. तोवर घराघरातली कर्ती पिढी गेली होती. मागे राहिल्या आज्या आणि नातवंडं. आजीला तिकडे 'बीबी' म्हणतात. आम्ही काही मराठी-गुजराती बायकांनी वर्गणी काढून तिथल्या बावीस बीबींसाठी थोडंफार काम केलं. त्यात शिकलो ते बहुतेक आपटी खाऊनच.

१. विचारल्याशिवाय काही नेऊ नका.

पहिल्या खेपेला आम्ही तांदळाच्या गोण्या नेल्या. दारात उभं राहून 'जांबो' म्हणालो. खरं तर वडीलधाऱ्यांना 'शिकामू' म्हणायचं असतं. त्याचा मूळ अर्थ 'पाय धरते' असा सांगतात. पाया पडणाऱ्या घरातून आलेल्या आम्हाला एवढंही ठाऊक नव्हतं! बीबींनी काही न बोलता गोण्या घेतल्या.

पुढच्या महिन्यात कोपऱ्यावरच्या दुकानात आमचीच गोणी उघडी दिसली, मापाने विकायला ठेवलेली. आमच्यातली एक तर तडकलीच, "बघा, फसवलं!" आम्ही तशाच बीबीच्या घरी गेलो. तिने भांडण केलं नाही, मला घरामागे नेलं. तिथे केळीची बाग होती, बुंध्यांच्या आधाराने घेवडा चढलेला. "पोट भरतं माझं," ती म्हणाली. "पण मीठ कुठल्या झाडाला लागतं?" मग आत जाऊन वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं घेऊन आली. त्यात नातवाचे काळे रबरी बूट होते. तांदूळ विकून तिने बूट, मीठ, रॉकेल आणि साबणाची अर्धी वडी आणली होती. साबणाला स्वाहिलीत 'सबुनी' म्हणतात, तेवढा शब्द मला कोशाशिवाय कळला. त्यानंतर आम्ही एकदाही तांदूळ नेला नाही.

२. रोख द्या, आणि आजीच्याच हातात द्या.

"पैसे उडवतील," ही शंका आमच्या बैठकीत दोन वर्षं चघळली गेली. खरं तर त्याच प्रांतात, न्शांबा परिसरात, 'क्वा वझे' म्हणजे 'वृद्धांसाठी' नावाची संस्था २००३ पासून म्हाताऱ्या माणसांना दरमहा रोख पेन्शन देत होती. २००८ साली त्या कामाचा आढावा निघाला. त्याच्या नावातच मीठ, साबण आणि शाळेचे बूट होते. वाचून मला हसू आलं आणि लाजही वाटली.

पुढे नोबेल मिळालेल्या एस्थर डुफ्लो यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या सरकारी वृद्ध-पेन्शनचा अभ्यास केला होता. पेन्शन आजीच्या नावावर आलं तर घरातल्या नातींची वाढ सुधारलेली दिसली, आजोबांच्या नावावर आलं तर तसा परिणाम दिसला नाही. हे मी आमच्याकडच्या पुरुषमंडळींना मुद्दाम वाचून दाखवलं. कुणी वाद घातला नाही.

३. रक्कम लहान चालेल, तारीख चुकता कामा नये.

एका दिवाळीला आम्ही सगळ्याच भारतात आलो आणि पैसे तीन आठवडे उशिरा गेले. तेवढ्यात एका बीबीने झाडावरची हिरवी कॉफीच व्यापाऱ्याला विकून टाकली. या प्रकाराला तिकडे 'बुतुरा' म्हणतात. पीक हाती यायच्या आधी मिळेल त्या भावात उरकायचं. तिच्या वर्षाच्या कमाईचा मोठा वाटा आमच्या फराळापायी गेला, असं मी अजूनही मानते.

४. फोटोसाठी पोरांना रांगेत उभं करू नका.

एकदा केलं. अंगावर धुतलेला गणवेश नाही म्हणून एक मुलगी बागेत लपून बसली होती. पुन्हा कधी केलं नाही.

५. मोबाइलवर पैसे पाठवून मोकळं होऊ नका.

एम-पेसा आलं तसा आमचा बोटीचा खर्च वाचला. पण बीबींना वाचता येत नसे, गुप्त क्रमांक नातवाच्या तोंडी पाठ. एकीचे पैसे महिनोन्महिने नीट निघत होते, म्हणून आम्ही निर्धास्त. गेलो तेव्हा कळलं, ती दोन महिने अंथरुणाला खिळली होती आणि चौदा वर्षांचा नातू शाळा सोडून तिचं सगळं करत होता. पैशाचा हिशोब चोख होता, बरं का. पोराने एक शिलिंगही इकडचा तिकडे केला नव्हता. मग आम्ही पुन्हा झाडाखाली बसून हातोहात वाटायला लागलो. वाटपाला दहा मिनिटं लागतात, गप्पांना तीन तास. कोण आलं नाही, ते त्या तीन तासांत कळतं.

६. "तुमच्यामागे पोराला कोण?" हे वेळेत विचारा.

विचारताना जीभ जड होते. पण जमीन कुळाची असते. बीबी गेली की चुलते-मामे येतात, त्यात आईबापाविना पोराचं कोण ऐकणार? आम्ही मुलांच्या जन्मदाखल्यांसाठी खेटे घातले. त्या कचेरीबद्दल लिहायला बसले तर अंक पुरणार नाही.

मी आता नाशिकला असते. म्वांझातल्या मैत्रिणी दर महिन्याच्या पाच तारखेला अजून झाडाखाली बसतात, हिशोबाची वही माझ्याकडे असते. बावीसपैकी नऊ बीबी उरल्या आहेत. त्या रबरी बुटांचा धनी आता बुकोबात मोटारसायकल-टॅक्सी चालवतो आणि वर्गणीच्या यादीत त्याचं नाव आहे.